रॉबर्ट ग्रोसटेस्ट : आज्ञाधारक बिशपचा नकार

मध्ययुगीन युरोपातल्या तत्त्वज्ञानाविषयी बोलायचं म्हटलं की ऑगस्टीन, अँसेल्म, अक्वायनस ही नावं आपोआप येतात. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं इंग्लंड मात्र बहुधा राहूनच जातं. म्हणून आज मुद्दाम रॉबर्ट ग्रोसटेस्ट हा माणूस आपण घेतला आहे. 1235 ते 1253 अशी 18 वर्षं तो लिंकनचा बिशप होता. ग्रोसटेस्ट म्हणजे 'मोठं डोकं'. हे आडनाव होतं की टोपणनाव, यावर वेळ घालवायला नको. डोकं मोठं होतं एवढं खरं.

या माणसाची चरित्रं आणि त्याच्यावरचे अभ्यास चाळले, तर एक गोष्ट लगेच जाणवते. प्रत्येक पिढीनं याच्यातून आपल्याला हवा तो माणूस काढून घेतला आहे. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफनं त्याला पोपविरोधाचा आधार म्हणून पुढे केलं. पुढे प्रॉटेस्टंट लेखकांनी त्याला जवळजवळ आपला पूर्वजच ठरवून टाकलं. 1953 साली ए. सी. क्रॉम्बी यांचं मोठं पुस्तक आलं आणि ग्रोसटेस्ट प्रायोगिक विज्ञानाचा जनक झाला. 2014 मध्ये डरहॅमच्या अभ्यासगटानं त्याच्या विश्वोत्पत्तीच्या कल्पनेला गणिती रूप दिलं, आणि त्या निबंधाच्या मथळ्यात 'बहुविश्व' हा शब्द आला. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह होतं बरं का! अभ्यासकांनी ते प्रामाणिकपणे घातलं होतं. पण बातमी व्हायला लागली की पहिलं गळून पडतं ते प्रश्नचिन्हच.

आमची तक्रार अशी आहे की ही सगळी मंडळी त्याच्या दप्तरातून आपापल्या कामाचा एकेक कागद उचलतात आणि बाकीचं दप्तर बांधून ठेवतात. आज आपण त्याच दप्तरातली दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवणार आहोत. पण त्याआधी माणूस नीट ओळखून घेऊ.

जन्म सुमारे 1170 चा, पूर्व इंग्लंडमधल्या सफकमध्ये, साध्या गरीब घरात. वशिला नाही, जमीनजुमला नाही. 1190 च्या दशकात जेराल्ड ऑफ वेल्स या नामांकित लेखकानं हेरफर्डच्या बिशपकडे त्याची शिफारस केली. त्या शिफारसपत्रात त्याची कायद्याची जाण सांगितली आहे, वैद्यकाची सांगितली आहे, विद्याव्यासंगही सांगितला आहे. हरहुन्नरी कारकून म्हणा ना! 1198 मध्ये ते बिशप वारले आणि याचा आधार गेला. त्यानंतरच्या सुमारे 25 वर्षांचे धागे फार तुरळक आहेत. जुने अभ्यासक म्हणत, तो पॅरिसला शिकला असणार. एवढा मोठा विद्वान पॅरिसशिवाय घडेल कसा? 1986 मध्ये आर. डब्ल्यू. सदर्न यांनी याला जोरदार हरकत घेतली. त्यांचा ग्रोसटेस्ट इंग्लंडच्या मुलखातच वाढलेला आहे, उशिरा पुढे आलेला आहे, पॅरिसच्या वर्गातला घोटीवपणा त्याच्यात नाही आणि त्यामुळेच तो स्वतंत्र विचार करू शकतो. या मांडणीवर पुष्कळ वाद झाले, आणि सदर्न यांचा प्रत्येक दुवा टिकतो असं आम्ही म्हणणार नाही. पण 'पॅरिसशिवाय कसा घडेल' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, एवढं त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडेही एखाद्या तालुक्याच्या गावच्या शिक्षकानं काही मोलाचं लिहिलं की 'हे पुण्याला कोणाकडे होते?' असं विचारणारे असतातच.

1225 मध्ये त्याला अॅबट्सली या गावच्या चर्चचं उत्पन्न मिळालं. हा प्रकार आपल्याला वतनासारखा समजायला हरकत नाही. गावचं चर्च, त्याची जमीन आणि येणारा धान्याचा दशांश, हे सगळं एका धर्माधिकाऱ्याच्या नावे लागायचं. त्यानं तिथल्या लोकांचे धार्मिक संस्कार करावेत, त्यांना उपदेश करावा, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात अनेक जण चार-पाच ठिकाणची वतनं गोळा करत आणि गावात पाऊलही ठेवत नसत. 1229 मध्ये तो लेस्टरचा आर्चडीकन झाला. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये नव्यानं आलेल्या फ्रान्सिस्कन साधूंना त्यानं शिकवायला घेतलं. हे फ्रान्सिस्कन 1224 मध्ये इंग्लंडला पोचले होते. अनवाणी, भिक्षा मागून राहणारे. आणि साठीच्या घरातला हा गुरुजी त्यांना शिकवता शिकवता स्वतःच बदलला. 1231 च्या शेवटी त्याला जबर ताप आला. बरा झाल्यावर लिंकनच्या कॅथीड्रलमधलं एक पद ठेवून बाकी सगळी वतनं त्यानं सोडून दिली. त्याची एक बहीण मठवासिनी होती. तिला त्यानं हे कळवलं ते पत्र आजही आहे. उत्पन्न गेलं याचं दुःख तिनं करू नये, असा त्याचा सूर आहे. या माणसाच्या पत्रांत एवढी मायेची जागा क्वचितच सापडते.

आता त्याच्या विचाराकडे वळू. कारण पुढे बिशप म्हणून तो जे वागला, त्याची किल्ली इथे आहे असं आम्हाला वाटतं.

'दे लुचे', म्हणजे 'प्रकाशाविषयी', हा त्याचा अगदी छोटा निबंध. प्रश्न असा: वस्तूला विस्तार कुठून येतो? लांबी, रुंदी, उंची हे जडाला मिळतं कसं? अॅरिस्टॉटलच्या परंपरेत द्रव्य आणि आकार अशी जोडी आहे, पण दोन्ही स्वतःपुरते विस्तारहीन. ग्रोसटेस्ट म्हणतो, पहिला आकार म्हणजे प्रकाशच. प्रकाशाचा स्वभावच असा की एका बिंदूपासून तो सगळीकडे एकदम पसरतो. सृष्टीच्या आरंभी प्रकाशाचा एक बिंदू स्वतःला अनंत वेळा गुणत गेला आणि द्रव्याला आपल्याबरोबर ओढत, ताणत गेला. त्यातून विश्वाचा गोल तयार झाला. सगळ्यांत बाहेर द्रव्य इतकं विरळ झालं की आणखी ताणणं शक्यच नाही. ते आकाशाचं पहिलं कवच. मग त्या कवचातून उजेड आत, केंद्राकडे परतला आणि एकात एक अशी आकाशाची नऊ कवचं आणि त्यांच्या पोटात अग्नी, वायू, जल, पृथ्वी ही चार महाभूतं घडवत गेला. लॅटिनमध्ये तो दोन शब्द वापरतो. उगमातला प्रकाश वेगळा, आणि त्यापासून निघालेला उजेड वेगळा. मराठीत ज्योत आणि तिचा उजेड म्हटलं तर जवळपास जमतं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. वरचं खालच्याला घडवतं, आणि खालच्याकडे स्वतःचं असं काही नसतं. जे असतं ते वरून आलेलं असतं. हीच रचना पुढे त्याच्या चर्चविषयक विचारात जशीच्या तशी दिसते. उतारवयात तो ग्रीक शिकला, मदतनीस हाताशी घेऊन त्यानं अॅरिस्टॉटलचं नीतिशास्त्र ग्रीक भाष्यांसह लॅटिनमध्ये आणलं. डायोनिसियसच्या नावानं चालत आलेले, स्वर्गातल्या आणि चर्चमधल्या श्रेणींची उतरंड सांगणारे ग्रंथही त्यानं अनुवादले. बिशपपदाचं ओझं डोक्यावर असताना, सत्तरीत! आम्ही निवृत्त मंडळी सत्तरीत काय करतो ते इथे नको बोलायला.

पण म्हणून त्याला प्रयोगशाळेत उभं करायचं कारण नाही. क्रॉम्बी यांचा दावा असा, की आधुनिक प्रायोगिक पद्धतीचा आरंभ ग्रोसटेस्टच्या अॅरिस्टॉटल-भाष्यात आहे. तिथलं उदाहरण स्कॅमनी या रेचक वनस्पतीचं आहे. ती घेतली की तांबडं पित्त पडतं असं वारंवार दिसतं. मग बुद्धी विचारते, हिच्यामुळेच पडतं का? त्यासाठी पित्त पाडणारी बाकीची कारणं बाजूला सारायची आणि नुसती स्कॅमनी देऊन पाहायचं. तर्क म्हणून हे फारच चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण उदाहरण इब्न सिनाकडून आलेलं आहे, आणि स्वतः ग्रोसटेस्टनं कोणाला ही मुळी देऊन पाहिली याला कसलाही पुरावा नाही. त्याहून बोलकं उदाहरण इंद्रधनुष्यावरच्या निबंधात आहे. इंद्रधनुष्याचा संबंध प्रकाश वळण्याशी आहे हे त्यानं सांगितलं, हे त्याचं मोठं श्रेय. पण किरण पाण्यात शिरताना किती वळतो, याचा त्यानं दिलेला नियम सरळसरळ चुकीचा आहे. त्याच्या मते आतला कोन बाहेरच्या कोनाच्या बरोबर निम्मा. एक भांडं, पाणी आणि एक काठी घेऊन अर्ध्या तासात हे तपासता आलं असतं. त्यानं तपासलं नाही, कारण निम्मा हा आकडा त्याला सुंदर वाटला. निसर्ग सर्वांत सुटसुटीत मार्गानं चालतो ही त्याची श्रद्धा. म्हणजे त्याची ताकद रचना उभी करण्यात होती. पडताळा घेणं हा त्याचा स्वभाव नव्हता. हे ध्यानात ठेवा, आपल्याला पुन्हा लागेल.

1235 मध्ये तो बिशप झाला. लिंकनचा धर्मप्रांत इंग्लंडमधला सर्वांत मोठा. हंबर नदीपासून थेट टेम्सपर्यंत, ऑक्सफर्डसुद्धा त्यातच. पहिल्या फेरीतच त्यानं सात मठाधिपती पदावरून काढले. तो गटागटानं पाद्र्यांना आणि लोकांना बोलवायचा, पाद्र्यांपुढे स्वतः प्रवचन द्यायचा, बरोबरच्या साधूंना लोकांचे पापनिवेदन ऐकायला बसवायचा. असं कोणी करत नसे. लोकांनी तक्रार केली की हे नवीनच काहीतरी आहे! त्याचं उत्तर साधारण असं, की नवीन असलं तरी माणसाचं भलं करणारं नवीन हे वाईट कसं?

विल्यम रॅली हा राजाचा बडा न्यायाधीश आणि याचा स्नेही. त्यानं एका मुलाला वतन द्यावं म्हणून शब्द टाकला. ग्रोसटेस्टनं नाही म्हणून कळवलं. मुलगा अजून ओव्हिडच्या धड्यांत आहे, तो गावच्या लोकांच्या आत्म्याची काळजी काय घेणार? मात्र मुलाच्या खर्चासाठी त्यानं स्वतःच्या पदरचे पैसे देऊ केले. आम्हाला हा नकार फार आवडतो. वशिल्याच्या चिठ्ठ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. नाही म्हणणारे असतात, पण नाही म्हणून स्वतःच्या खिशात हात घालणारे कितीसे पाहिले?

मग त्याच्याच कॅथीड्रलच्या कॅनन मंडळाशी भांडण जुंपलं. मंडळ म्हणे, आमची तपासणी करण्याचा बिशपला अधिकार नाही. 1239 पासून सहा वर्षं हे चाललं. मॅथ्यू पॅरिस या इतिहासकारानं एक किस्सा दिला आहे. एक कॅनन प्रवचनात बिशपच्या जाचाबद्दल बोलत होता. आम्ही गप्प बसलो तरी दगड ओरडतील, असं म्हणाला आणि कॅथीड्रलचा मनोरा कोसळला. मॅथ्यूला असल्या गोष्टींची भारी हौस, तेव्हा किस्सा किस्सा म्हणूनच घ्यायचा; पण त्या काळात मनोरा पडला हे खरं. या वादात ग्रोसटेस्टनं मंडळाला लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे. त्यात 'दे लुचे'चीच रचना पुन्हा भेटते. पोप सूर्यासारखा, बिशप चंद्र-ताऱ्यांसारखे. त्यांच्याकडे जो उजेड आहे तो सूर्याचा. अधिकार वरून खाली येतो आणि ज्याच्याकडे येतो त्यानं खालच्यांची काळजी वाहायची. 1245 मध्ये पोप चौथा इनोसंट यानं निकाल याच्या बाजूनं दिला.

आणि याच पोपशी पुढे गाठ पडली. 1250 मध्ये, वय 80 च्या आसपास असताना, तो फ्रान्समध्ये लियाँला गेला. पोप तेव्हा तिथे होता. मे महिन्यात पोप आणि कार्डिनलांपुढे त्याचं निवेदन वाचलं गेलं. चर्चमध्ये वाईट पाळक का आहेत, याचं मूळ कारण हेच दरबार आहे, असं त्यात तोंडावर सांगितलेलं होतं. 1253 मध्ये पोपच्या घराण्यातल्या, पुतण्याच्या नात्यातल्या फेदेरिको दी लावान्या याला लिंकनमध्ये कॅननपद द्यावं असा हुकूम आला. मुलाला इंग्लंडला येण्याची काही गरज नव्हती, उत्पन्न तेवढं घ्यायचं. ग्रोसटेस्टनं नकाराचं पत्र पाठवलं. पत्राचा गाभा असा, की मी पुत्राप्रमाणे आज्ञाधारक आहे, आणि म्हणूनच ही आज्ञा मानत नाही, विरोध करतो, बंड करतो.

विक्लिफला आणि प्रॉटेस्टंटांना यात बंड दिसलं. पण वाक्य नीट बघा. तो असं म्हणत नाही की पोपला अधिकार नाही. तो म्हणतो, पोपचा अधिकार इतका पवित्र आहे, लोकांच्या कल्याणासाठीच दिलेला आहे, की अशी आज्ञा त्यातून निघूच शकत नाही. सूर्यातून अंधार निघत नाही. तेव्हा या कागदावर शिक्का पोपचा असला तरी आज्ञा पोपपदाची नाही. आज्ञा मोडणं हेच इथे आज्ञापालन. हा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं पाठ करून ठेवावा असा आहे. पद आणि पदावरचा माणूस यांत इतका स्वच्छ फरक फार थोड्यांनी केला आहे.

आता दुसरं पत्र. हे 22 वर्षं आधीचं, आर्चडीकन असतानाचं. 1231 मध्ये सायमन द माँटफर्टनं लेस्टरमधून ज्यू लोकांना कायमचं हाकलून दिलं. त्यांतले काही विंचेस्टरची काउंटेस मार्गरेट हिच्या जमिनीवर आसऱ्याला गेले. ग्रोसटेस्टनं या बाईंना पत्र लिहिलं. ज्यूंना मारू नये, असं तो म्हणतो, कारण ते प्राचीन शास्त्राचे साक्षीदार आहेत. पण ते देवाच्या शिक्षेखाली आहेत. त्यांना व्याजबट्टा करू देऊ नये, हातानं कष्ट करून जगायला लावावं. आणि जे सत्ताधारी त्यांच्या व्याजातला वाटा खातात त्यांचे हात गरिबांच्या रक्तानं माखलेले आहेत. शेवटच्या वाक्यात धार आहे, आणि ती योग्य ठिकाणी बसते. राजे आणि सरदार ज्यूंना सावकारीला लावून वरून त्यांनाच पिळत होते, हे खरंच. पण घरदार सुटलेल्या माणसांविषयी त्या पत्रात ओल म्हणून नाही. बहिणीला लिहिणारा हाच तो माणूस. ते कुठे जातील, पोरंबाळं काय खातील, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही.

चरित्रकार इथे एक वाक्य टाकून पुढे जातात: तो आपल्या काळाचं अपत्य होता. आम्हाला हे मान्य नाही. पोपला नकार दिला तेव्हा तो काळाच्या पुढे, आणि ज्यूंवर लिहिलं तेव्हा काळाचं अपत्य? असा हिशेब चालत नाही. श्रेय त्याच्या खात्यावर घालायचं आणि दोष शतकाच्या खात्यावर, हे कोणत्या न्यायात बसतं?

दोन्ही पत्रांत विचार एकच आहे, हे आमचं म्हणणं. दोन्हीकडे तो वरच्याला धारेवर धरतो. पोपला आणि काउंटेसला. तुमच्याकडे अधिकार आला तो खालच्यांची काळजी घेण्यासाठी, तुम्ही त्यातून पैसा करता, हे पाप. ही कसोटी खरी आहे आणि ती स्वतःवर लावण्याची हिंमत त्याच्यात होती. वतनं सोडली ती त्यामुळेच. पण ही काळजी घ्यायची कोणाची, हे त्याच्या रचनेत आधीच ठरलेलं आहे. लिंकनच्या गावातला शेतकरी त्या उजेडाच्या वाटेवर आहे, म्हणून त्याच्यासाठी हा पोपशीही भांडेल. लेस्टरचा ज्यू त्या वाटेवर नाहीच. त्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा असतो, त्याला विचारायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर शेतकऱ्यालाही कोणी विचारत नाही. तपासणीला आलेल्या बिशपनं त्याला उपदेश करायचा. बिशपबद्दल त्यानं काही सांगायची सोय नाही. कॅननांनी तक्रार केली तर उत्तर सूर्य-चंद्राचं.

आणि पाण्यातल्या काठीची आठवण इथेच होते. त्याची रचना खालून, अनुभवाकडून तपासली जाण्याची काही तजवीजच त्यात नाही. पोपचा हुकूम पोपपदाचा आहे की नाही हे ठरवायचं कोणी? 1253 मध्ये ग्रोसटेस्टनं ठरवलं, आणि बरोबर ठरवलं. पण त्याच न्यायानं कॅनन मंडळानं म्हटलं असतं, की तुमची तपासणी ही बिशपपदाची कृती नाही, आम्ही आज्ञाधारकपणे नकार देतो, तर? त्याच्याकडे याला उत्तर नव्हतं. जेम्स मॅकइव्हॉय यांच्यासारख्या अभ्यासकानं त्याच्या तत्त्वज्ञानावर 1982 मध्ये इतकं बारकाईनं लिहिलं आहे, की ते वाचताना प्रकाशाची ती मांडणी मोहात पाडते. आम्हालाही पाडते. पण 'दे लुचे'मध्ये जे सुंदर आहे तेच कारभारात उतरलं की कठोर होतं, हे मांडणं टीकाकाराचं काम होतं. ते फारसं झालेलं नाही. वास्तविक साधनं हाताशी आहेत. त्याची पत्रं 1861 मध्येच लॅटिनमध्ये छापली गेली, 2010 मध्ये त्यांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतरही आलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती दोन पत्रं एकाच बैठकीत वाचावीत, मधे काही न वाचता.

1253 च्या ऑक्टोबरात बकडन इथे तो वारला. लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये, ज्यांच्याशी सहा वर्षं भांडला त्यांच्याच आवारात, त्याला पुरलं. पुढच्या वर्षी पोप इनोसंटही गेला. मॅथ्यू पॅरिसनं लगेच गोष्ट रचली, की मेलेला बिशप पोपच्या स्वप्नात आला आणि त्यानं काठीनं पोपच्या बरगडीत ढोसलं. इंग्लंडमधून त्याला संत जाहीर करावं म्हणून पुढची 50 वर्षं अर्ज जात राहिले. रोमनं एकही मंजूर केला नाही.